रक्ताचा एक थेंब आणि ८२ चा आकडा

आमची मांजर मनी बारा वर्षांची. खाणं नेहमीसारखं, पण पाठीवरून हात फिरवला की मणके लागायला लागले होते. आठवड्यातून दोन-तीनदा उलटी व्हायची. केसांचे गोळे असतील म्हणून आम्ही सोडून दिलं. त्यात जाहिरात दिसली: रक्ताच्या एका थेंबातून मांजराच्या आतड्याचा कॅन्सर ओळखा. भूल नाही, टाके नाहीत. भित्र्या माणसाला आणखी काय हवं?

कानाच्या कडेला टोचून थेंब कार्डावर घेतला, पाठवला. अहवालात एक रंगीत चक्र, मधोमध ८२ आणि खाली 'धोका तीव्र'. हे ८२ नेमकं कशाचं, निरोगी मांजरात किती असतं, नमुना कोणी तपासला, यातलं काहीच त्यावर नव्हतं. मला तेव्हा ते खटकलंही नाही. सोबत गोळ्या घ्यायचा आग्रह झाला. डबीवर औषधाचं नाव नाही, तरी घेतल्या.

आणि मनी सुधारली! उलट्या थांबल्या, ताटलीवर तुटून पडायला लागली. तीन आठवड्यांनी पुन्हा पैसे भरून चाचणी केली, तर आकडा ३१. आम्ही हरखून गेलो. वजनकाट्यावर मात्र ती ३.४ किलोवरून ३.१ वर आली होती. काटा बिघडलाय, असं म्हणणारी मीच.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड असावं, असा त्यांचा संशय. स्टेरॉइडने भूक वाढते, आतड्याची सूज उतरते, त्यामुळे कॅन्सर असला तरी मांजर काही दिवस टवटवीत दिसतं. वर बायोप्सीतलं, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतलं, चित्रही पुसट होतं.

रक्त त्यांनीही घेतलं, पण वेगळ्या कारणासाठी. म्हाताऱ्या मांजराचं वजन थायरॉइड वाढल्यानेही उतरतं, मूत्रपिंडं बिघडल्यानेही. ते आधी बाजूला काढायचं. मनीचं बी१२ फार कमी निघालं. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. ते कमी म्हणजे बहुधा आतड्याचं काम बिघडलंय, एवढंच. आतड्याच्या जुनाट दाहातही ते उतरतं, लिम्फोमातही (हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर). सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, पण त्यावरूनही दोन्हींत फरक करता येईना. म्हणजे ज्या भूल-टाक्यांना टाळायला मी निघाले होते, त्यांच्याशिवाय सुटका नव्हतीच.

बायोप्सीचा पहिला अहवाल 'नक्की सांगता येत नाही' असा आला. त्याच तुकड्यांवर पेशी एकाच वंशाच्या आहेत का (कॅन्सरच्या बहुधा तशा असतात), हे पाहणारी चाचणी केली तेव्हा कळलं: लहान पेशींचा लिम्फोमा. हा सावकाश वाढतो आणि उपचारांनी बरीच मांजरं वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, चांगली जगतात. मनीला आता क्लोरँब्युसिल हे कॅन्सरवरचं औषध, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड (या वेळी निदानानंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली) आणि बी१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. क्लोरँब्युसिलने पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून अधूनमधून रक्त तपासतो. त्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे एकक असतं आणि शेजारी सामान्य मर्यादा.

तोच कॅन्सर निघाला ना, मग चाचणी बरोबरच होती, असं एकाने मला ऐकवलं. मग ते ३१ कुठून आलं?

चाचणीवाल्यांना तक्रार लिहिली. दोन ओळींचं उत्तर आलं: 'हा अहवाल निदानासाठी नाही, असं तळाशी छापलेलं आहे.' भिंग घेऊन पाहिलं. आहे छापलेलं, फिक्या राखाडी अक्षरांत.