डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकताय? नेटइन्स्ट घ्यावं की डीव्हीडीवालं आयएसओ

आयएसओ म्हणजे इन्स्टॉल करायची इमेज फाइल. दोन्ही पेनड्राइव्हवरच जातात ओ, डीव्हीडी नाव ऐकून चकती शोधत बेळगावच्या खडेबाजारात फिरू नका. नेटइन्स्ट एक जीबीच्या आतच, शहापूर-टिळकवाडीत घरी वायफाय चांगला असेल तर हेच, कारण बाकीची पॅकेजेस नेटवरनं ताजी येतात, नंतर अपडेटचा डोंगर नाही. पण खानापूरकडं पावसाळ्यात हे नको! मामाच्या घरी लाइट गेली, वायफाय गेला, मोबाईल यूएसबीला लावून टेदरिंग केलं तर तेबी मधीच तुटलं, शेवटी मिळालं काय तर काळी स्क्रीन आणि लॉगिन, डेस्कटॉपचा पत्ता नाही.

डीव्हीडीवालं चार जीबीच्या आसपास, एकदा बेळगावात उतरवून घेतलं की डेस्कटॉपसकट नेटशिवाय बसतंय. एकच कटकट, नंतर काही टाकायला गेलं की डिस्क घाला म्हणून अडून बसतंय. सोर्सेस डॉट लिस्ट म्हणजे पॅकेजेस कुठनं घ्यायची ती यादी, तिच्यातल्या सीडीरॉमच्या ओळीपुढं हॅश (#) टाकायचा, आणि मिररची (नेटवरच्या डेबियन सर्व्हरची) ओळ नसेल तर तेवढी घालायची, झालं. वायफाय कार्ड चालवायला लागणाऱ्या फर्मवेअरचं टेन्शन २०२३ च्या बुकवर्मपासनं (डेबियन १२) दोन्हीत कमी झालंय.

मी तर आता खिशात डीव्हीडीवालंच ठेवतोय, गावाकडं कोण ना कोण जुना लॅपटॉप घेऊन येतंयच.