लठ्ठ मांजरीसाठी दाणे, पाऊच की घरचं चिकन?

नसबंदीनंतर मांजर सुटते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ऑपरेशननंतर तिची कॅलरींची गरज घटते, भूक मात्र वाढते. त्यात वाटी दिवसभर भरलेली असली की झालंच! अशा मांजरीसाठी माझा कौल पाऊचला, म्हणजे पाकीटबंद ओल्या खाण्याला आहे, पण मोजूनमापून.

आधी वेष्टनावरचे आकडे नीट वाचा. दाण्यांच्या, म्हणजे कोरड्या खाण्याच्या पाकिटावर प्रथिनं ३२ टक्के आणि पाऊचवर १० टक्के दिसली की दाणेच पौष्टिक वाटतात. पण दाण्यांत पाणी जेमतेम ८-१० टक्के असतं, पाऊचमध्ये ८०च्या आसपास. पाणी वगळून हिशोब केला तर दाण्यांत प्रथिनं ३५ टक्के भरतात आणि पाऊचमध्ये चक्क ५०.

आता कॅलरी. जिचं योग्य वजन ४ किलो असायला हवं, तिला जास्तीचं वजन उतरवताना दिवसाला साधारण १६० कॅलरी पुरतात. दाण्यांचं म्हणाल तर ४०-४५ ग्रॅममध्येच कोटा संपतो. मग मांजर दिवसभर पायात घोटाळत राहते. तेवढ्याच कॅलरींत पाऊचचं खाणं २०० ग्रॅमपर्यंत देता येतं. शिवाय पाणीही पोटात जातं. फक्त पाऊचवर 'संपूर्ण आहार' असं लिहिलंय ना, ते बघा.

दाणे स्वस्त, टिकाऊ आणि घर दिवसभर बंद असेल तर सोयीचे. उघडलेलं पाऊच आपल्या उकाड्यात तास-दोन तासांत उचलावं लागतं. सकाळ-संध्याकाळ पाऊच आणि दुपारी १०-१५ ग्रॅम दाणे, हेही उत्तम जमतं. दाणे मात्र अंदाजे ओतू नका, वजनकाट्यावर मोजा.

घरचं उकडलेलं चिकन प्रेमाचं खरं, पण नुसत्या त्यावर मांजर पोसू नका. त्यात कॅल्शियम नगण्य, आणि टॉरिन हे मांजरीला अत्यावश्यक असलेलं पोषकद्रव्य उकळताना पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे दोन्ही बिघडतात. एखाद-दुसरा तुकडा खाऊ म्हणून द्या, तोही कॅलरींत धरून. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको. त्याने तांबड्या पेशी फुटतात.

नवं खाणं आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत आणा. 'भूक लागली की खाईल' म्हणून लठ्ठ मांजरीला उपाशी ठेवू नका. काही दिवसांतच यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. दिवसभर तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. ५ किलोची मांजर आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास उतरली, तरी गती अगदी योग्य आहे.