स्वयं आणि स्वयंप्रभा : मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या हाती काय पडते?

केंद्र सरकारचा ‘स्वयं’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच 2017 च्या जुलैत सुरू झाला. आशयाच्या बाबतीत तो उत्तम आहे, यात मला शंका नाही. आयआयटीसारख्या संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि शंका विचारण्याची सोय हे सारे किनवट किंवा पाटोद्याच्या महाविद्यालयातील मुलीलाही विनामूल्य मिळते. शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी.

अडचण आहे ती तिथवर पोहोचण्याची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीनुसार 2017-18 मध्ये शहरांतील 23.4 टक्के घरांत संगणक होता, ग्रामीण भागात केवळ 4.4 टक्के घरांत. त्यानंतर स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचला हे खरे. पण अनेक घरांत चांगला फोन एकच असतो, तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा भावाबरोबर कामावर असतो आणि मुलीच्या हाती येतो तो रात्री, दिवसाचा डेटा संपत आल्यावर. त्यावर व्याख्यान कसेबसे ऐकता येईल. प्रोग्रॅमिंगचा स्वाध्याय मुदतीत पूर्ण करणे फार कठीण. त्यात बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत, आणि बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दम लागतो.

हा प्रश्न आता हौसेपुरता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’वरून करून त्यांचे श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट्स) मिळवता येतात. म्हणजे घरातल्या संगणकाचा अभाव थेट गुणपत्रिकेत उमटू शकतो.

‘स्वयंप्रभा’ या उपग्रह वाहिन्यांची शिफारस मी म्हणूनच अधिक मोकळेपणाने करीन. त्यांना इंटरनेट लागत नाही. रोजचा चार तासांचा नवा कार्यक्रम दिवसातून आणखी पाच वेळा दाखवावा, अशी त्यांची रचना आहे, त्यामुळे दुपारी वीज गेली तरी रात्री तेच व्याख्यान पाहता येते. महाविद्यालयांत या वाहिन्यांचा उल्लेख इतका क्वचित का होतो, हे मला कळत नाही. श्रेयांकांसाठी मात्र ‘स्वयं’वरच नोंदणी करावी लागते. तेव्हा ज्या महाविद्यालयाला हे श्रेयांक हवे आहेत, त्याने संगणक कक्ष तासिकांनंतरही उघडा ठेवावा आणि त्याची वेळ गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीशी जुळवून घ्यावी.