सीनियर हाउसिंग: गावाबाहेर नवी कॉलनी की गावातलीच रिकामी घरं?

मोठा उद्योग बंद पडला, पोरं शहरात गेली, बाजारात निम्मी शटरं कायमची खाली, अशा गावात कुणीतरी सुचवतंच की ज्येष्ठांसाठी घरं काढा, पेन्शनवाले येतील. आयडिया वाईट नाहीये. पेन्शन कारखाना बंद पडला म्हणून थांबत नाही आणि किराणा, औषधं, प्लंबर यावर बऱ्यापैकी तिथल्या तिथेच खर्च होते. पण घरं कुठे काढायची यावर सगळा खेळ आहे.

मोकळ्या जमिनीवर नवी कॉलनी म्हटलं की अमेरिकेतल्या सन सिटीचं नाव येतंच. अ‍ॅरिझोनात कापसाच्या शेतांवर बिल्डर डेल वेबनं १ जानेवारी १९६० ला सुरू केली, उतारवयातल्यांसाठी, गोल्फ, क्लब, दुकानं सगळं आत, पहिल्या वीकेंडला बघायला लाखभर लोक आले म्हणतात. राहणाऱ्याला मस्तच, बैठी घरं, शेजारी आपल्याच वयाचे. पण शेजारच्या गावाला काय मिळालं? सन सिटीतल्या लोकांनी शाळांसाठी काढायच्या, करातून फेडायच्या कर्जाला मतदानात वारंवार विरोध केला आणि शेवटी १९७० च्या दशकात सन सिटी त्या शाळा-जिल्ह्यातून, म्हणजे ज्या भागाच्या करावर तिथल्या शाळा चालतात त्यातून, वेगळीच झाली. त्यांचंही चूक म्हणवत नाही, नातवंडं दुसऱ्या राज्यात असताना इथल्या शाळेसाठी कोण टॅक्स भरेल, पण ज्या गावाला तरुण कुटुंबं टिकवायची आहेत त्याला हे महागात पडतं.

दुसरा पर्याय कॅनडातलं एलियट लेक. ऑंटारियोतलं हे युरेनियमच्या खाणींसाठी १९५० च्या दशकात वसवलेलं गाव, १९९० च्या दशकात खाणी बंद होत गेल्या, शेवटची १९९६ ला. कामगारांची घरं रिकामी होती, तीच स्वस्त भाड्यानं रिटायर्ड लोकांना दिली आणि गाव उठलं नाही तरी पुसलंही गेलं नाही. बांधकामाचा खर्च कमी, माणसं गावातच राहतात, दुकानांना गिऱ्हाईक मिळतं. तोटाही मोठाच आहे: जुनी घरं म्हणजे पायऱ्या आणि अरुंद बाथरूम, रॅम्प-रेलिंगचा खर्च धरावाच लागतो. शिवाय तिथे दुकानं, लायब्ररी, हॉटेल सगळं एकाच मॉलमध्ये होतं, छत वर्षानुवर्षं गळत होतं आणि जून २०१२ मध्ये ते कोसळून दोन महिला गेल्या. गावाचं केंद्रही गेलं.

जपानचं तोयामा शहर मोठं, चार लाखांवर लोकसंख्येचं, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. पण २००६ ला तिथे लाइट रेल (ट्रामसारखी हलकी रेल्वे) सुरू झाली, ६५ वरच्यांना सवलतीच्या पासवर १०० येनमध्ये मध्यभागात येण्याची सोय केली गेली आणि लाइनजवळ राहायला यावं म्हणून अनुदानही. गाडी चालवणं सुटलं की माणूस घरात अडकतो, त्यावरचा हा इलाज घराइतकाच महत्त्वाचा वाटतो मला.

मी असतो तर गावातली रिकामी घरं निवडली असती, बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरातली, आणि नवी कॉलनी फक्त तेव्हाच जेव्हा जुनी घरं दुरुस्तीच्या पलीकडे गेलीत. मात्र एक अट: त्याच योजनेत काही घरं नर्स, केअरटेकर, ड्रायव्हर यांच्यासाठी भाड्यानं ठेवायची. आज ६५ व्या वर्षी आलेला माणूस पंधरा वर्षांनी ८० चा होणार, तेव्हा मदतीला तरुण हात नसले तर तो घर विकून मुलांकडे जाईल आणि ते घर पुन्हा रिकामं. बिल्डरनं माहितीपत्रक हातात दिलं की क्लबहाउसचे फोटो नंतर बघा, आधी रात्री दोन वाजता अ‍ॅम्ब्युलन्स कुठून येणार ते विचारा.