बूबू घ्यावा की गाऊनच बरा? सोलापुरातल्या एका बुटीकच्या आफ्रिकी कपड्यांची पारख

पश्चिम आफ्रिकेचे कपडे सोलापुरात हवे असले तर आजवर ऑनलाइन मागवायचे आणि जे येईल ते गोड मानून घ्यायचं, एवढाच मार्ग होता. आता सात रस्ता भागातल्या एका छोट्या बुटीकने तीन वस्तू ठेवल्या आहेत: अदिरे म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या, निळीत नक्षी काढून रंगवलेल्या कापडाचा बूबू (ढगळ, पायघोळ झगा), वॅक्स प्रिंट या रंगीत नक्षीच्या कापडाचा बूबू आणि असो-ओके या योरुबा हातमागाच्या कापडाच्या पट्ट्यांचं बिनबाह्यांचं जाकीट. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. पहिली वस्तू डोळे झाकून नाही, पण नीट तपासून जरूर घ्यावी. दुसरीचा भाव करावा. तिसरी थंडीतल्या लग्नापुरती.

बूबूबद्दल पहिली शंका सगळ्यांची एकच: हा नायटीसारखा दिसणार नाही ना? दिसतो, जर शिवणाऱ्याने तो नायटीसारखा शिवला तर. बूबूची कटिंग नायटीपेक्षा सोपी आहे, म्हणूनच तिची वाट लागते. कापडाचा एक सरळ लांब तुकडा खांद्यावर दुमडायचा, दुमडीत गळा कापायचा आणि दोन्ही बाजूंनी सरळ शिलाई मारायची. मुंढा नाही, टक्स नाहीत, कळ्या नाहीत, वेगळी बाही नाही. शिलाईच्या बाहेर उरलेलं कापड पंखासारखं हातावर पडतं, आणि सगळा डौल त्या पडण्यात असतो. सेनेगल आणि मालीतल्या बायका हाच पोशाख कडक, चकचकीत बाझाँ कापडात घालतात. नायजेरियात तो अदिरे, अंकारा म्हणजे वॅक्स प्रिंट, अगदी सिल्कमध्येही दिसतो.

दुकानातल्या तयार बूबूंमध्ये गडबड नेमकी इथेच आहे. शिवणाऱ्याने बाजूचं कापड 'फिटिंग'साठी छाटलंय, मुंढ्याला गोलाई दिलीय आणि काठ इंटरलॉक केलाय. सोलापुरात शाळांच्या गणवेशांची शिलाई पिढ्यान्पिढ्या चालते. त्या हाताला खांदा मापात बसवल्याशिवाय चैन पडत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मापात बसलेला बूबू म्हणजे गाऊनच. तयार पीस घेऊ नका. त्याच दुकानातून कापड घ्या आणि समोर बसून शिवून घ्या.

माप असं. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला खांद्यापासून घोट्यापर्यंत साधारण ५१ इंच लागतात. दोन इंच दुमड आणि दोन इंच आटण्यासाठी धरले की ५५, आणि पुढचा-मागचा भाग मिळून ११० इंच, म्हणजे पावणेतीन मीटरच्या किंचित वर. तीन मीटर घ्यावं. पन्ह्याचा हिशोब त्याहून महत्त्वाचा. ४५ इंची पन्ह्यात मध्यापासून साडेबावीस इंच मिळतात, त्यामुळे कापड कोपराच्या जरा खाली येऊन थांबतं. ६० इंची पन्ह्यात ते मनगटाशी पोचतं. रोजच्या वापराला ४५ पुरेसं आहे, कारण कामाच्या हाताला मनगटापर्यंतचा पंख फक्त डाळीत बुडतो.

गळा सात इंच रुंद, पुढे साडेचार ते पाच इंच खोल आणि मागे फक्त एक इंच ठेवायला सांगा. टेलर बहुतेक वेळा पुढचा-मागचा गळा जवळजवळ सारखाच कापतात. मग पोशाख सारखा पाठीकडे सरकतो, पुढून गळा घशाला लागतो आणि बाई दिवसभर तो पुढे ओढत बसते. गळ्याला पायपिन नको, आतून अडीच इंचांची पट्टी हवी. पायपिनने मऊ कापडाचा गळा आकसतो आणि सुरकुत्या पडतात. बाजूची शिलाई छातीच्या मापावर ठरते. ३८ छाती असेल तर शिलाईपासून शिलाईपर्यंत २४ इंच ठेवा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे बारा-बारा. ती खांद्याच्या दुमडीपासून साडेदहा इंच खाली सुरू करायची आणि खाली पोटरीपाशी १४ इंच उघडं सोडून थांबवायची. ही चीर ठेवली नाही तर जिना चढताना पाय अडतो. कापडाचा मूळ काठ तसाच राहू द्या, तो उसवत नाही. ज्यांना अंगाला थोडा आकार हवा, त्यांनी आतून कमरेला नाडीची पट्टी लावून घ्यावी. नायजेरियात हल्ली असे नाडीचे बूबू सर्रास शिवतात.

आता कापड. दुकानातलं अदिरे खरं आहे. अदिरेचं मोठं केंद्र नायजेरियाच्या ओगुन राज्यातलं अबेओकुटा, आणि तिथे हे काम बायकांच्या हातचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आलेलं गिरणीचं पांढरं कापड घेऊन, त्यावर निळीचं काम करून त्यांनी मोठा धंदा उभा केला. पद्धती मुख्यतः तीन: ओनिको म्हणजे कापड बांधून रंगवणं, अलाबेरे म्हणजे टाके घालून आवळणं आणि एलेको म्हणजे खळीने नक्षी झाकणं. खळ कसाव्याच्या पिठाची असते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच हा कंद. पिठात मोरचूद किंवा तुरटी घालून ते शिजवतात आणि कोंबडीच्या पिसाने किंवा पत्र्याच्या साच्यातून कापडावर घालतात. खळ वाळली की कापड निळीत बुडवायचं. पारंपरिक नीळ एलू नावाच्या वेलीच्या पानांची. आज बहुतेक ठिकाणी रासायनिक नीळ किंवा दुसरे तयार रंग वापरतात आणि खळीच्या जागी मेणही चालतं. त्याला नकली म्हणण्याचं कारण नाही, हाताचं काम तेच राहतं. रंगीबेरंगी मालाला नायजेरियात कंपाला म्हणतात. दुकानदार तोही 'अदिरे' म्हणून विकतो, आणि ते चूक नाही.

पारख करताना कापड उलटं करा. एलेकोमध्ये खळ एकाच बाजूला लावलेली असते, म्हणून मागच्या बाजूला नक्षी पुसट आणि निळी दिसते. छापील नक्कल मागून जवळजवळ पांढरी असते आणि तिच्यात ठरावीक अंतरावर तीच चूक हुबेहूब परत येते. दुकानातल्या एका कापडावर इबादानदुन नक्षी आहे. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या, १९२९ साली खुल्या झालेल्या मापो हॉलचे खांब आणि त्यांच्या मध्ये चमचे, असे चौकोन. प्रत्येक चौकोनात खांबांची जाडी थोडी वेगळी आहे आणि एका चमच्याच्या दांड्याला पिसाचा केस चिकटल्याची बारीक रेघ उमटली आहे. हाताच्या कामाचा याहून चांगला पुरावा नको.

तक्रार रंगाची. दुकानात 'पक्का रंग' असं सांगतात, ते अर्धंच खरं. नीळ धाग्यात आत मुरत नाही, वर थरासारखी बसते. शेवटचं धुणं घाईत उरकलं असेल तर मोकळे कण घासल्यावर सुटतात. ओला पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा घासून बघा. फिकट निळा डाग चालेल, गडद आला तर दुसरा पीस मागा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की घामाने हाच रंग मानेवर, काखेत आणि आतल्या पांढऱ्या कपड्यांवर उतरतो. मीठ, तुरटी किंवा व्हिनेगर लावून निळीचा रंग पक्का होत नाही, हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. शिवण्याआधी कापड थंड पाण्यात दोन तास भिजवून हलक्या हाताने खळबळायचं, आणि पाणी नितळ दिसेपर्यंत हे करत राहायचं. त्यातच कापड आटूनही घेतं आणि उरलेली खळ निघून ते मऊ पडतं. पुढचं धुणं रिठ्याच्या पाण्यात. बोअरच्या जड पाण्यात साबण वापरला तर निळ्यावर पांढुरकी साय धरते. तेव्हा मात्र शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर टाकलं तर ती साय जाते. वाळवणं उलट बाजूने आणि सावलीत.

सव्वाचार हजारांत तीन मीटर हातचं अदिरे महाग वाटेल. हाताचं काम आणि इतक्या लांबून येणारा माल पाहता भाव रास्त आहे.

वॅक्स प्रिंटचं तसं नाही. अंकारा नावाने ओळखलं जाणारं हे कापड आज आफ्रिकेचं म्हणून मिरवतं, पण त्याचं मूळ इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या बाटिकमध्ये (मेण लावून रंगवलेल्या कापडात) आणि डच कारखान्यांत आहे. नेदरलँड्समधल्या हेल्मंड इथली, हे कापड बनवणारी व्लिस्को कंपनी १८४६ पासूनची. खऱ्या वॅक्समध्ये राळेचा थर दोन्ही बाजूंना चढवून मग रंगवतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच उजळ दिसतात आणि तडकलेल्या राळेच्या बारीक शिरा कापडभर पसरतात. या दुकानात २,८०० रुपयांना मिळणारं कापड एकाच बाजूने छापलेलं आहे आणि त्यातल्या शिराही छापलेल्याच आहेत. काठाचा एक धागा ओढून जाळून पाहिला तर टोकाला कडक गोळी राहते, म्हणजे पॉलिस्टरची भेसळ आहे. नक्षी झकास आहे, हे मान्य. पण उन्हाळ्यात अंगाला चिकटणाऱ्या कापडाला हा भाव नाही. निम्म्यात मिळालं तर घ्या. सहा वारांचा पूर्ण तुकडा मिळत असेल तर आणखी चांगलं: त्यातून एक बूबू निघून वर इरो म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्रही होतं.

असो-ओकेचं जाकीट हाताळताना विणकरांच्या घरातली बाई नक्की थांबेल. साधारण चार इंच रुंदीच्या लांब पट्ट्या अरुंद मागावर विणून काठाला काठ जोडलेल्या. नायजेरियातली इसेयिन आणि इलोरिन ही या कामाची नावाजलेली ठिकाणं. पुरुष विणकर ताणा समोर लांबवर पसरून त्याच्या टोकाला वजन ठेवतात, ताण त्याच वजनाने राहतो. जुन्या मानाच्या जाती तीन: सान्यान हा रानरेशमाचा मातकट रंग, अलारी लाल आणि एतू गडद निळा. दुकानातलं जाकीट अलारीच्या रंगाचं आहे, पण सूत आजचं आणि जरीसारखा चकचकीत धागा भरपूर. मध्ये जाळीसारखी भोकं असून त्यांवरून मोकळे धागे जातात. दिसायला सुंदर, पण बांगडी आणि मंगळसूत्र त्यांतच अडकतं. अस्तरही नाही, त्यामुळे चकचकीत धागा मानेला टोचतो. मऊ सुती अस्तर लावून घेतलं तर जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या थंडीत, काळ्या साडीवर ते उठून दिसेल. एप्रिलनंतर कपाटातच ठेवा. घडी घालू नका, गुंडाळी करा, नाहीतर चकचकीत धागा घडीवर तुटतो.

दुकानाची सेवा बरी. कापड पूर्ण उलगडून दाखवतात, रुमाल घासायलाही नाही म्हणत नाहीत. शिलाई ४५० रुपये, पण कागदावर गळ्याचं आणि बाजूच्या शिलाईचं माप लिहून दिल्याशिवाय कापड सोडून येऊ नका. धुतलेलं कापड परत घेत नाहीत, तेव्हा रंगाची परीक्षा काउंटरवरच करायची. आणि स्कूटरवर जाणाऱ्यांनी बाजूचे दोन्ही पंख कमरेशी गाठ मारून मांडीखाली दाबावेत. साडी गार्ड असला तरी एवढं सुटं कापड मागच्या चाकात जाऊ शकतं. पंखाच्या टोकाला आतून एक टिचबटण आणि कमरेच्या शिलाईत त्याची जोडी लावून घेतली तर गाठीचीही गरज नाही. टेलर त्याचे वेगळे पैसे मागत नाही.