शेतावर सोलरवर चालणारा बिटकॉइन नोड: दोन बहार आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

पुरंदर तालुक्यात आमची अडीच एकर आहे, अंजीर आणि सीताफळ, बांधाला थोडी ज्वारी-वाटाणा, दोन गाई, गोबरगॅस. विहिरीवरच्या खोलीत मी रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरवर बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर चालवतोय, म्हणजेच बिटकॉइनचे व्यवहार स्वतः तपासणारं मशीन, त्यालाच नोड म्हणतात; अंजिराचा खट्टा बहार झाला, मीठा बहार झाला, मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. बऱ्याच जणांनी विचारलं की शेतात हे चालतं का. चालतं, आणि मस्त चालतं, फक्त शहरातल्या लोकांनी सांगितलेल्या पद्धतीने नाही.

आधी हे कशासाठी ते. अंजीर तोडलं की त्याच दिवशी मार्केटला गेलं पाहिजे, दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतं आणि भाव पाडून मागतात, सीताफळाचंही तेच, एकदा डोळे उघडले की थांबत नाही. आमच्या मालाला थांबायची ताकदच नाही, म्हणून निदान बचत तरी थांबणारी आणि आपल्या हातातली असावी असं मला मनापासून वाटतं. बँकेत घरखर्च, खतं-औषधं आणि दवाखान्याचे पैसे असतातच, ते मी कधी हलवत नाही. त्याच्या वर जे उरतं त्यातला थोडा भाग बिटकॉइनमध्ये जातो आणि एक्सचेंजवर, म्हणजे जिथे विकत घेतो त्या कंपनीकडे न ठेवता स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (चाव्या आपल्याच हातात ठेवणारं छोटं यंत्र) येतो. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्सचेंजवर चोरी झाली आणि लोकांचे पैसे कितीतरी महिने अडकून पडले, ते बघितल्यावर दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचा विषयच संपला. आणि वॉलेट आपलं पण शिल्लक मात्र कुणा कंपनीच्या सर्व्हरला विचारायची, हे मला पटत नव्हतं. नोड म्हणजे बाजारात स्वतःचा काटा घेऊन जाणं. आपल्याला आलेलं पेमेंट खरं आहे का, नियम पाळले गेलेत का, २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा कुणी ओलांडत नाही ना, हे सगळं आपलंच मशीन २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) तपासून सांगतं. एक कमांड आहे, आत्तापर्यंत एकूण किती नाणी अस्तित्वात आहेत ते ती मोजून देते, पायवर वेळ लागतो, पण पहिल्यांदा चालवली तेव्हा १ कोटी ९८ लाखांच्या वरचा आकडा स्क्रीनवर आला आणि तो मला कुणी सांगितला नव्हता, माझ्या विहिरीवरच्या खोलीत मोजला गेला होता. त्या संध्याकाळचा आनंद मी विसरणार नाही.

आता कामाचं. सगळ्यात मोठी अडचण इंटरनेट. अख्खी चेन, म्हणजे आजवरच्या सगळ्या ब्लॉकची साखळी, साडेसहाशे जीबीच्या वर गेलीये आणि मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर ती उतरवायला वर्ष जाईल. त्यामुळे ताईकडे पुण्यात फायबर आहे तिथे पाय आणि एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) ठेवून दिला, सिंक, म्हणजे सगळी चेन उतरवून तपासणं, पूर्ण झाल्यावर एसटीने मांडीवर घेऊन आलो. शेतावर रोजचे साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे दोन-अडीचशे एमबी कुठेच जात नाहीत, पण बाकीची देवाणघेवाण डेटा खाते. मग कॉन्फिगमध्ये लिसन बंद आणि ब्लॉक्सओन्ली चालू केलं. याने दुसऱ्यांचे नोड माझ्याकडून चेन उतरवत नाहीत आणि कन्फर्म न झालेले व्यवहार माझ्याकडे येत नाहीत, तपासणी मात्र पूर्ण होते. आता हॉटस्पॉटवर आरामात भागतं. एसएसडी २ टीबीचाच घ्या, १ टीबीवाला लवकरच बदलावा लागेल.

दुसरी गोष्ट वीज. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की मग तीही नाही. नोडला वीज फार लागत नाही, एसएसडी धरून सहा-आठ वॅट, दिवसाचे दीडशे-दोनशे वॅट-तास, पण अचानक बंद पडलेलं त्याला चालत नाही, डेटाबेस बिघडला तर रीइंडेक्स, म्हणजे सगळं पहिल्यापासून परत तपासून मांडायला पायला कित्येक दिवस लागतात. म्हणून १२ व्होल्टची १०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि १०० वॅटचे दोन पॅनल. एक पॅनल उन्हाळ्यात पुरतं, पण आषाढ-श्रावणात ढग दाटून आले की दुसऱ्याची किंमत कळते. इन्व्हर्टर मधे घालू नका, तो स्वतःच वीज खातो, १२ वरून ५ व्होल्ट करणारा चांगला कन्व्हर्टर लावा, किमान ३ अँपिअरचा. एसडी कार्डवरून बूट करायचं नाही, एसएसडीवरून करायचं.

उन्हाळ्यात पत्र्याखाली पाय तापतो आणि ८० डिग्रीच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो, ॲल्युमिनियमची केस आणि भिंतीची सावली एवढ्यावर प्रश्न सुटला, पंखा नको कारण तो धूळ ओढतो. मुंग्या मात्र फार, ऊब मिळते म्हणून येतात. बॉक्सची भोकं बारीक जाळीने बंद केली, वायर उंदरांसाठी लोखंडी पाईपातून नेली. अर्थिंग नीट करून घ्या, आमच्या भागात मे महिन्यात विजा कशा पडतात ते शेतकऱ्यांना सांगायला नको.

वॉलेटची बारा किंवा चोवीस शब्दांची सीड, म्हणजे ज्या शब्दांवरून वॉलेट परत उभं करता येतं ते, कागदावर ठेवू नका, शेतातल्या घरात वाळवी असते. फॅब्रिकेशनवाल्यांकडे अक्षरांचे पंच मिळतात, ते आणि स्टीलची पट्टी आणून घरी दार लावून स्वतः ठोकायचं. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे द्यायचं नाही, त्याने शब्द वाचले की पैसे त्याचे. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. बायकोला सगळं दाखवलंय, तिने रिकाम्या वॉलेटवर सीड घालून स्वतः रिस्टोअर करून बघितलंय, आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, घरातल्या दुसऱ्या माणसाला येत नसेल तर ती बचत कुटुंबाची नाहीच.

दर आठवड्याला एक्सचेंजवरून पाचशे-हजारांचं बिटकॉइन काढून वॉलेटमध्ये टाकू नका, बारीक तुकडे साठतात आणि पुढे एकत्र खर्च करताना प्रत्येक तुकड्याची फी लागते. एप्रिल २०२४ च्या हाविंगच्या (दर ब्लॉकला निघणारी नवी नाणी निम्मी होतात त्या) दिवशी फी इतकी चढली होती की छोटे तुकडे हलवणं परवडलंच नसतं. बहार संपला की एकदाच काढायचं.

टॅक्सबद्दल गावात फार गैरसमज आहे. शेतीचं उत्पन्न माफ आहे ते शेतमाल विकेपर्यंत, त्या पैशातून घेतलेलं बिटकॉइन विकून नफा झाला तर त्यावर ३० टक्के आणि वर सेस लागतोच, २०२२ पासून आहे हे, शिवाय विकताना १ टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो कशातच वळता होत नाही. त्यामुळे सहा महिन्यांत ट्रॅक्टर घ्यायचाय असे पैसे यात घालू नका. भाव निम्म्यावर आलेला मी बघितलाय, मुलीची फी भरायच्या आधीच्या महिन्यात तसं झालं तर काय करणार?

शेजारचे तात्या दर वेळी विचारतात, "दिवसाला किती पडतात रे यातून?" काहीच नाही तात्या. हे मायनिंग, म्हणजे नवे ब्लॉक तयार करून नाणी कमावणं, नाही; पायवर मायनिंग होतही नाही. एक रुपया मिळत नाही, उलट डेटा पॅक माझ्या खिशातून. तरी मी नोड पंपाच्या स्टार्टरइतकाच गरजेचा धरतो, कारण माझ्या पैशाची खातरजमा मला कुणाला फोन न करता होते.

एवढा खर्च नको असेल तर घरी पडलेला जुना लॅपटॉप घ्या आणि प्रून मोडमध्ये चालवा. चेन एकदा पूर्ण उतरवावी लागतेच, पण तपासून झालेले जुने ब्लॉक तो पुसत जातो, अगदी ५५० एमबीचे ब्लॉक ठेवूनही चालतं, वर दहा-पंधरा जीबी इतर डेटाला धरा. स्पॅरो वॉलेट (कॉम्प्युटरवर चालणारं वॉलेटचं सॉफ्टवेअर) त्याला थेट जोडता येतं. लॅपटॉपची बॅटरी जिवंत असेल तर लाईट जाण्याचीही तेवढी भीती नाही, आणि सिंकसाठी कुणा पाहुण्याचं फायबर मागून घ्या, दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल.