बोट ठेवायची कुठे? सॅन फ्रान्सिस्को बेमधला आमचा सव्वादोन वर्षांचा अनुभव

बोट कोणती घ्यायची यावर आम्ही सहा महिने घालवले. ती ठेवायची कुठे, हे मात्र एका शनिवारी दुपारी दोन तासांत ठरवलं. ती चूक आम्हाला महागात पडली, आणि ती दुरुस्त करताना जे कळलं ते इथे लिहितो आहे. बे एरियात आता बरीच मराठी मंडळी शिडाच्या बोटीकडे वळली आहेत आणि प्रत्येकाचा पहिला फोन "मरिना (भाडं भरून बोट ठेवायची जागा) कुठला घेऊ?" असाच असतो.

आमची बोट १९८४ ची कॅटलिना ३० आहे. लांबी तीस फूट, लहानसं डिझेल इंजिन, आणि कील, म्हणजे तळाखाली उतरणारा जड भाग, पाण्याखाली सव्वापाच फूट जाते. आम्ही फ्रीमाँटला राहतो. ऑगस्ट २०२२ मध्ये बोट घेतली आणि बेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मरिनात ठेवली. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे वर्षानुवर्षं सुखाने राहिलेल्या बोटीही आहेत. आम्ही बघायला गेलो तेव्हा पश्चिमेला दगडी बांध होता, आत पाणी आरशासारखं होतं, आणि महिन्याला ३४५ डॉलर म्हणजे इतरांपेक्षा कमी पैसे पडत होते. आणखी काही बघावं असं वाटलंच नाही.

इथला उन्हाळ्यातला वारा पश्चिमेचा. आतल्या भागातलं सेंट्रल व्हॅलीचं खोरं तापतं, तिथली हवा वर जाते, आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. जुलैत दुपारी २० ते २५ नॉट वारा रोजचाच. तो बांध ह्या वाऱ्यासाठी उत्तम होता. पण हिवाळ्यात पावसाची वादळं येतात तेव्हा वारा दक्षिणेकडून, कधी आग्नेयेकडून येतो, आणि तो मरिना दक्षिणेला सताड उघडा होता. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला वादळांची जी रांग लागली, तिच्यातल्या एका रात्री दोन दोर घासून तुटले. फिंगरवरचा, म्हणजे बोटीच्या बाजूच्या अरुंद डॉकवरचा, एक क्लीट (दोर बांधायचा खुंटा) कुजक्या लाकडातून स्क्रूसकट उपटून आला, आणि आमची बोट पहाटेपर्यंत शेजारच्या खांबावर आपटत राहिली. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या डॉकवर रात्री एकही माणूस नव्हता.

एप्रिलमध्ये आई-बाबा मालवणहून आले. बाबांना डॉकवर नेलं. ते बराच वेळ नुसते उभे राहून आजूबाजूला बघत होते. मग विचारलं, "पावसात हय वारो खयसून येता रे?" बस्स, एवढंच. मी आठ महिने तिथे पैसे भरत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या, मोठ्या बोटी खाडीत आत न्यायच्या, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. चांगल्या दिवसांत होडी कुठेही उभी राहते, जागा शोधायची ती वाईट दिवसांसाठी, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते माहीतच असतं. इथे येऊन मी ते विसरलो होतो.

वर्षातून पन्नास दिवस आपण बोटीवर गेलो तरी उरलेले तीनशेच्या वर दिवस ती एकटी असते. मरिना निवडायचा तो ह्या दिवसांसाठी. पुढचं सगळं ह्या हिशेबाने वाचावं.

मग आम्ही रीतसर शोध घेतला. बर्कली गोल्डन गेटच्या अगदी समोर. स्लिपमधून, म्हणजे मरिनातल्या बोटीच्या ठरलेल्या जागेतून, बाहेर पडलं की दहा मिनिटांत शिडं वर, खऱ्या वाऱ्यात. रोज शिडं उभारणाऱ्यासाठी ती सोय मोठी आहे, पण तोच वारा आणि तीच लाट उन्हाळाभर प्रवेशापाशी येऊन धडकते, आणि परत येताना हात थरथरतात हे मी मित्राच्या बोटीवर अनुभवलं आहे. सॉसलिटो डोंगराच्या आडोशाला, देखणं, पण फ्रीमाँटहून तिकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस गाडीतच. ऑयस्टर पॉइंटला सॅन ब्रुनोच्या खिंडीतून दुपारी जोराचा वारा उतरतो. रेडवुड सिटी घरापासून सोयीचं, पण मधल्या बेपर्यंत येण्यातच दिवस संपतो. शेवटी ओकलंड आणि अलमीडा यांच्यामधल्या खाडीत, इथले लोक जिला एस्च्युअरी म्हणतात तिथे, अलमीडाच्या बाजूचा एक मरिना घेतला. दक्षिणेला सगळं अलमीडा बेट आडवं असल्यामुळे पावसाळी वारा डोक्यावरून जातो, आणि मोठी लाट उठायला तिथे मोकळं पाणीच नाही.

तिथे जून २०२३ पासून आहोत. महिन्याला ४३० डॉलर. बोट लहान असो वा मोठी, स्लिपची लांबी आणि बोटीची लांबी यांत जी जास्त तिचे पैसे लागतात, हे आधी विचारून घ्या. शिवाय १ जानेवारीला बोट ज्या काउंटीत असेल तिथे वर्षाचा मालमत्ता कर भरावा लागतो. पहिल्या वर्षी ते बिल आलं तेव्हा आम्ही चकित झालो होतो. आमच्या करारात पाच लाख डॉलरचा लायबिलिटी विमा सक्तीचा आहे. तो मला जाचक वाटत नाही, कारण शेजारच्या बोटीकडेही तो आहे.

जागा बघायला जाण्याची वेळ हा एक धडा आहे. इथली सगळ्यात खालची ओहोटी उन्हाळ्यात पहाटे लागते आणि हिवाळ्यात दुपारी. म्हणजे जून-जुलैत दुपारी फेरी मारणाऱ्याला गाळ दिसतच नाही. आम्ही करार करण्याआधी एकदा मुद्दाम पहाटे साडेपाचला खालच्या ओहोटीला गेलो आणि मी दोरीला वजन बांधून स्लिपच्या तोंडाशी पाणी मोजलं. साडेसात फूट भरलं. आतल्या टोकाला सहा. सव्वापाच फुटांच्या कीलला तेवढं पुरतं, पण खोल कीलच्या बोटीला तिथे चिखलात बसावं लागलं असतं. मरिनाच्या ऑफिसमधल्या नकाशावर सगळीकडे आठ लिहिलं होतं. नकाशा गाळ काढला त्या वर्षीचा असणार.

भरती-ओहोटीचा फरक इथे साधारण साडेसहा फूट, आणि उधाणाला आठच्या वर. डॉक तरंगते असल्यामुळे बोट आणि डॉक बरोबरच वरखाली होतात, पण किनाऱ्यावरून डॉकवर उतरणारा रॅम्प ओहोटीला घाटासारखा उभा होतो. आईचे गुडघे दुखतात. पहिल्या दिवशी ती वरच्या बाकावर दीड तास बसून राहिली, पाणी चढेपर्यंत. घरी वयस्क माणसं येणार असतील तर ओहोटीच्या वेळी तो रॅम्प स्वतः उतरून बघा.

स्लिपची दिशा हीसुद्धा मला आधी न सुचलेली गोष्ट. आमची बोट नाळ (पुढचं टोक) पश्चिमेला करून उभी असते, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी परत येताना वारा समोरून येतो आणि बोट आपोआप थांबते. आधीच्या जागी वारा आडवा लागायचा. बायको उडी मारून दोर धरायची आणि मी प्रत्येक वेळी घाबरलेला असायचो. आता ती शांतपणे पाऊल टाकून उतरते. फक्त ह्या एका कारणासाठी मी पंचवीस-तीस डॉलर जास्त द्यायला तयार आहे.

पाण्याखालचं कुणाला विचारायचं? ऑफिसला नाही, पाणबुड्याला. इथे तीन महिन्यांतून एकदा पाणबुड्या खाली जाऊन बोटीचा तळ घासतो आणि शाफ्टवरचं, म्हणजे बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्यावरचं, जस्त बदलतो. हे जस्त बोटीच्या इतर धातूंऐवजी स्वतः झिजतं. खाडीचं पाणी इतकं गढूळ की त्याला हात दिसत नाही, सगळं काम चाचपून. पण मरिनातल्या शंभर बोटींची पोटं त्यानेच बघितलेली असतात. आधीच्या जागी आमचं जस्त अडीच महिन्यांत खाऊन जायचं. डॉकवरच्या विजेला सगळ्या बोटी जोडलेल्या असतात आणि अर्थिंगच्या तारेतून एका बोटीचा धातू दुसऱ्या बोटीच्या धातूशी जोडला जातो. मग ज्याचं जस्त संपलं तो शेजाऱ्याचं खातो. त्यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा एक डबा बसवतात, आम्ही तो बसवला, आणि नव्या जागी आता सहा महिने टिकतं. डबा किती कामाचा आणि जागा किती, हे पाणबुड्यालाही ठामपणे सांगता आलं नाही. पण कुठल्या डॉकवरच्या बोटींचं जस्त लवकर जातं हे त्याला पाठ होतं, आणि आम्ही तो डॉक टाळला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बीसीडीसी ह्या राज्याच्या आयोगाच्या नियमाप्रमाणे मरिनातल्या फार तर दहा टक्के जागा बोटीवर कायम राहणाऱ्यांना देता येतात. काही मरिना त्या देतात, काही देत नाहीत. मी सुरुवातीला, राहणारी माणसं नसलेला मरिना जास्त नीटनेटका, असं धरून चाललो होतो. आमच्या दोन स्लिप पलीकडे एक निवृत्त परिचारिका आपल्या बोटीवर राहतात. मार्च २०२४ मधल्या एका मंगळवारी रात्री अकराला त्यांचा फोन आला, की तुमचा बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) दर पाच मिनिटांनी चालू होतो आहे, बाहेर पाणी पडल्याचा आवाज येतो. मी चाळीस मिनिटांत पोचलो. शाफ्टभोवतीचं पॅकिंग सैल झालं होतं आणि पाणी धारेने आत येत होतं. बॅटरी संपली असती तर पंप थांबला असता, आणि पुढचं सांगायला नको. त्या टॉर्च धरून अर्धा तास माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. आधीच्या जागी ही बोट बुडाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२०२३ मध्ये ह्या खाडीत चोऱ्यांचा मोठा त्रास होता, लहान होड्या आणि आउटबोर्ड (होडीच्या मागे अडकवायची सुटी) इंजिनं पळवली जात होती, बातम्या सगळीकडे आल्या होत्या. आम्ही त्याच उन्हाळ्यात इथे आलो, म्हणून धास्ती होती. आमचं काही गेलं नाही. आउटबोर्ड आम्ही घरी आणून ठेवतो.

५ डिसेंबर २०२४ ला सकाळी केप मेंडोसिनोजवळ ७.० चा भूकंप झाला आणि सगळ्यांचे फोन त्सुनामीच्या इशाऱ्याने एकदम वाजले. २०११ मध्ये जपानच्या भूकंपानंतर सांताक्रूझच्या बंदरात डॉक मोडून बोटी बुडाल्या होत्या, ते डोक्यात होतं. मी ऑफिसमध्ये होतो. बोटीकडे धावायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलेलं होतं. परिचारिका बाईंना फोन केला, त्या मांजर घेऊन किनाऱ्यावर गेल्या होत्या. तासाभराने इशारा मागे घेतला गेला.

तक्रारी आहेतच. खाडीतून मोकळ्या बेपर्यंत पाऊण तास इंजिनवर जावं लागतं. फेरीबोटी आणि मोटरबोटींच्या लाटांनी दिवसा बोट हलत राहते. पलीकडे ओकलंडच्या जॅक लंडन स्क्वेअरला रेल्वे रस्त्याच्या मधूनच जाते, त्यामुळे गाड्या रात्रीही भोंगा देतात, आणि बोटीवर झोपलेल्या पाहुण्यांना तो ऐकू येतो. फाटकाचं कुलूप एकदा तीन आठवडे बिघडलेलं होतं, स्नानगृहातलं गरम पाणी भरवशाचं नाही. भाडं दीड वर्षात एकदा वाढलं. पण भल्या पहाटे पोचलं की विद्यापीठाची वल्हवणारी मुलं समोरून एका तालात जातात, मागे कंटेनरच्या क्रेन उभ्या असतात, आणि पाऊण तासाचा तो इंजिनचा प्रवास आम्हाला आता चहाच्या थर्मासची वेळ वाटतो. वेबस्टर बोगदा खाडीच्या तळातून जातो. सकाळी गाडीने ज्याच्यातून आलो, त्याच्यावरूनच तासाभराने बोट नेताना मुलीला दर वेळी तितकीच गंमत वाटते.

अंतराचा फरक वहीत दिसतो. पहिल्या दहा महिन्यांत आम्ही नऊ वेळा बोटीवर गेलो. इथे अठरा महिन्यांत एकसष्ट वेळा, त्यातल्या वीसेक फेऱ्या तर नुसते दोर बघायला, ऑफिसमधून परतताना. दोर जिथे घासतो तिथे कापड गुंडाळणं, फेंडर (बोट डॉकवर घासू नये म्हणून लावलेल्या उशा) वर ओढणं, खाली उतरून बिल्जमध्ये हात घालून बघणं, ह्याला दहा मिनिटं लागतात.

आणखी एक वर्ष इथेच राहणार आहोत. आतल्या बाजूची, लाटांपासून जरा दूरची स्लिप रिकामी झाली तर कळवा असं ऑफिसला सांगून ठेवलं आहे. तिथलं पाणी डिसेंबरातल्या एका दुपारच्या ओहोटीला मोजून आलो, पावणेसात फूट आहे. आई-बाबा मेमध्ये परत येत आहेत. आईला डॉकवर न्यायचे शनिवार भरतीच्या कोष्टकावरून काढून फ्रिजवर लावले आहेत.